पिकल्सचा बिल्ला

टीं... टिटीं... टीं.

अनुयानं उशी कानावर दाबून धरली, तरी आवाज येतच राहिला. हॉस्पिटलच्या लॅबमधली रात्रपाळी संपवून, हॅमिल्टनहून पहिली बस पकडून ती डंडासला घरी आली होती आणि नुकती कुठे आडवी झाली होती. डोळा लागतो न लागतो तोच खिडकीखाली हे सुरू झालं. आधी तिला वाटलं, लॅबमधलंच एखादं मशीन स्वप्नात बोंबलतंय. मग लक्षात आलं, आवाज अंगणातून येतोय.

तिनं पडदा सरकवला. ऑक्टोबरचं फिकट ऊन, मेपलच्या पानांचा लालपिवळा सडा, आणि त्यातून एक उंच माणूस हातातली लांब दांडी झाडू मारल्यासारखी डावीउजवीकडे फिरवत चालला होता. दांडीच्या टोकाला ताटाएवढी चकती होती.

नाइट सूटवर जॅकेट चढवून ती तरातरा खाली उतरली.

“एक्स्क्यूज मी! सम ऑफ अस वर्क नाइट्स!”

तो दचकून वळला. टोपी काढून म्हणाला, “आय अ‍ॅम सो सॉरी. डोरीननं परमिशन दिली होती. वर कुणी झोपलंय हे मला—”

“इट्स ओके,” म्हणून ती परत फिरली. पण राग मावत नव्हता. जाता जाता ती स्वतःशीच पुटपुटली, “काय करून राहिला हा माणूस सकाळी सकाळी! खजिना शोधून राहिला मेला...”

मागून शांतपणे उत्तर आलं, “खजिना कसला हो. आत्तापर्यंत चार खिळे आणि एक बाटलीचं झाकण.”

अनुया जागच्या जागी थिजली. कानांच्या पाळ्या तापल्या.

“तुम्ही... मराठी?”

“वसई. वॉरेन तुस्कानो. आणि तुम्ही नागपूरच्या.”

“कशावरून?”

“‘करून राहिला’वरून.”

“वसईत वॉरेन असतात?” काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली.

“असतात ना. व्हिन्सेंट असतात, सेलीन असतात. सगळे मराठीतच भांडतात.”

तिला हसू येत होतं. पण हसायलाही अंगात थोडं त्राण लागतं. “मी झोपायला जाते,” एवढंच म्हणून ती वर गेली.

दुपारी जाग आली तेव्हा सगळीकडे शांतता होती. गेला असेल, असं वाटून तिनं बाहेर पाहिलं. तो तिथेच होता. आता कानांवर भलेमोठे हेडफोन चढवलेले. खणलेल्या जागी गवताचा तुकडा परत बसवून तो तळव्यानं हलकेच थापटत होता... लहान मुलाला निजवताना थापटतात तसा. अनुया खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली, चहा ठेवायचा विसरून.

*

ते घर जुनं होतं. ओढ्यावरच्या गिरणीच्या मालकानं बांधलेलं, जाड दगडी भिंतींचं. दारावर ऐतिहासिक वास्तू म्हणून शहरानं लावलेली निळी पाटी होती, त्यामुळे सुटीच्या दिवशी येणारे-जाणारे थांबून फोटो काढत. खाली शहाऐंशी वर्षांच्या डोरीनबाई एकट्या राहत, वरचा मजला अनुयानं भाड्यानं घेतला होता. आता मात्र घर विकलं गेलं होतं. डोरीनबाई बर्लिंग्टनच्या एका रिटायरमेंट होममध्ये जाणार होत्या आणि नोव्हेंबरअखेर अनुयालाही जागा सोडायची होती.

पुन्हा खोकी, पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा नव्या पत्त्यावर सगळी कार्डं बदलून घ्यायची. त्याच आठवड्यात तिला दूर पश्चिमेकडच्या कॅल्गरीच्या एका हॉस्पिटलची ऑफर आली होती. काम तेच, रक्ताचे नमुने तपासण्याचं, पण दिवसपाळी. तिनं हो कळवून टाकलं होतं. आनंदानं नाही. उतारावरून गाडी आपोआप पुढे सरकावी, तसं.

पुढच्या शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली. वॉरेन हातात डबा घेऊन उभा होता.

“झोपमोडीची भरपाई,” तो म्हणाला. “माझ्या इथल्या मावशीनं केल्यात. फुग्या. आमच्याकडे लग्नाकार्यात करतात.”

डब्यात लिंबाएवढे, गोल, तांबूस तळलेले पाव होते. अनुयानं दारातच एक तोंडात टाकला. आतून मऊ, किंचित गोड, नारळाच्या दुधाचा वास... तिला आठवेना, आपल्यासाठी कुणी शेवटचं काय आणलं होतं.

“लग्नाकार्यात करतात म्हणता,” ती तोंड भरलेलंच असताना म्हणाली, “मग आज कुणाचं लग्न?”

तो गोंधळला, चक्क लाजला. “आज... आज डिस्काउंटमध्ये.”

आणि खूप दिवसांनी अनुया खळखळून हसली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

त्या दिवशी ती त्याच्याबरोबर अंगणात उतरली. त्यानं मेटल डिटेक्टरचे हेडफोन तिच्या कानांवर चढवले. केसांची बट अडकली, ती त्यानं एका बोटानं सोडवली आणि लगेच हात मागे घेतला.

“बारीक, किनरा आवाज आला तर तांबं, पितळ, चांदी. घोगरा आला तर लोखंड.”

“लोखंड आलं तर?”

“सोडून द्यायचं. जुन्या घराच्या अंगणात लोखंड म्हणजे खिळेच खिळे. म्हणून आता मशीनला लोखंडाचा आवाज गाळायलाच लावलंय.”

“बरं आहे मशीनचं,” अनुया म्हणाली. “नको ते ऐकूच येत नाही.”

त्या संध्याकाळपर्यंत त्यांना कोटाचं एक पितळी बटण, घोड्याच्या साजाची कडी आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एक झिजलेलं नाणं मिळालं. मिळालेलं सगळं वॉरेन डोरीनबाईंच्या ओंजळीत नेऊन ठेवायचा. घर त्यांचं, तर वस्तूही त्यांच्या, असा त्याचा नियम होता.

“तुम्हाला काय मिळतं मग यातून?” अनुयानं विचारलं.

तो स्टीलच्या कारखान्यात मशीन देखभालीचा इंजिनिअर होता. दिवसभर भट्टीचा धडधडाट. तो म्हणाला, “गेल्या वर्षी आई गेली. मला वेळेवर पोहोचता आलं नाही. नंतर घरी आलो की फार शांत वाटायचं... त्रास होण्याइतकं शांत. मग हे घेतलं. चालत राहायचं, ऐकत राहायचं. काही सापडलंच पाहिजे असं नाही.”

अनुयानं डब्यातली शेवटची फुगी अर्धी करून त्याच्यापुढे धरली.

*

पिकल्सची गोष्ट निघाली ती पावसामुळे. पुढच्या शनिवारी आभाळ असं भरून आलं, की दोघांना पळत मागच्या पडवीत जावं लागलं. डोरीनबाई तिथेच खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या. पाऊस थंड, तिरपा, ओली पानं फरशीवर आणून चिकटवणारा. अनुयाच्या पापण्यांवर थेंब होते. वॉरेन ते बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता.

“तुम्हा दोघांना एक विचारू?” डोरीनबाई त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. “याच अंगणात माझा कुत्रा पुरलाय. पिकल्स.”

“पिकल्स?” अनुया मराठीत पुटपुटली. “कुत्र्याचं नाव लोणचं?”

वॉरेनला ठसका लागला.

“मी आठ वर्षांची होते,” डोरीनबाई सांगत होत्या, “आणि माझी बहीण सहा. वडील कामावर होते, म्हणून आम्हीच खड्डा खणला. पट्ट्यासकट, बिल्ल्यासकट ठेवला त्याला. तिथे नाशपातीचं झाड होतं, तेही पुढे पडलं. आता नक्की जागा आठवत नाही.” त्या थोडं थांबल्या. “नवीन मालक मागे गॅरेज बांधणार आहेत. जेसीबी येईल. मला बाकी कशाचं काही नाही, पण त्याच्या अंगावर ते मशीन जायला नको. बहीण जाताना म्हणाली होती, पिकल्सकडे बघ.”

“आम्ही शोधू,” वॉरेन लगेच म्हणाला.

पाऊस थांबेना. डोरीनबाई आत गेल्यावर दोघं तिथेच राहिली. पन्हाळीतून पाणी धो धो पडत होतं.

“एवढ्या पटकन शब्द देतोस?” अनुया म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं, आपण ‘तू’ म्हणालो.

त्यालाही कळलं. त्यानं फक्त मान तिरकी करून विचारलं, “तू देत नाहीस?”

“मी दिले होते एकदा. अग्नीला साक्षी ठेवून.” तिनं हात जॅकेटच्या बाहीत ओढून घेतले. “आम्ही ब्रॅम्पटनला राहायचो, मी आणि शैलेंद्र. त्याची नोकरी गेली. मला सांगितलंच नाही. रोज सकाळी मी करून दिलेला डबा घेऊन निघायचा, मॉलमध्ये बसायचा, संध्याकाळी रिकामा डबा आणायचा. विचारलं की ‘सगळं ठीक आहे’. कितीतरी महिने! नोकरी गेली म्हणून नाही सोडलं मी त्याला. पण तो डबा घासताना मी काय काय विचार करत असायचे... उद्या काय भाजी देऊ, याला बटाट्याचा कंटाळा आला असेल का...”

वॉरेननं ‘होईल सगळं नीट’ असं काही म्हटलं नाही. त्यानं आपला कोरडा मफलर काढून तिच्या हातात ठेवला.

मफलर बोटांना गुंडाळत तीच म्हणाली, “म्हणून आधीच सांगते. मला तू... म्हणजे, तुझ्याशी बोलायला आवडतं. पण मी फार दमलेय वॉरेन. पुन्हा कुणाला ओळखायचं, सांभाळायचं, आशा करायची... नाही जमणार. आणि नोव्हेंबरअखेर मी कॅल्गरीला चाललेय.”

पन्हाळीचं पाणी पडत राहिलं.

“बरं,” तो म्हणाला. “मग निदान पिकल्स सापडेपर्यंत?”

*

पिकल्स सापडेना. नाशपातीचं झाड जिथे असावं, तिथे सगळीकडे चकती फिरवून झाली. ओढ्याच्या कडेनं शोधलं, जुन्या विहिरीच्या जागी शोधलं. एक चमचा मिळाला, एक किल्ली मिळाली. नोव्हेंबर उजाडला. पहाटे गवतावर पांढरं दहिवर साचू लागलं. जमीन एकदा गोठली की काही खणता येणार नव्हतं. डोरीनबाई रोज खिडकीत येऊन बसायच्या.

एका शनिवारी अनुयाला उठायला उशीर झाला. खाली आली तर स्वयंपाकघरात डोरीनबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. समोर वॉरेन उभा होता, गुडघ्यांना माती लागलेला.

“सापडला, डिअर!” त्यांनी तळहात पुढे केला.

पितळेचा गोल बिल्ला होता. त्यावर ‘पिकल्स’ कोरलेलं. वरून हिरवट, मातकट.

अनुयाला आनंद झाला. तिनं बिल्ला हातात घेतला, उजेडाकडे धरला. रोज मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्या नजरेला जे दिसायचं ते दिसलंच. वरचा भाग हिरवा पडलेला, पण अक्षरांच्या खाचा आतून पिवळ्याधमक होत्या.

तिनं वॉरेनकडे पाहिलं. त्यानं नजर खाली वळवली.

बिल्ला डोरीनबाईंच्या हातात परत देऊन ती बाहेर गेली. तो मागोमाग आला.

“अक्षरं ताजी आहेत,” ती म्हणाली.

“हो.”

“कुठून आणलास?”

“जुन्या वस्तूंच्या बाजारातून. कोरला मी.” त्याचा आवाज खाली गेला. “अनुया, जमीन गोठायला आलीये. त्या रोज खिडकीत बसतात, बघवत नव्हतं मला. कुणाचं काय बिघडलं यात?”

“गॅरेजखाली जो जाईल ना, तो खरा पिकल्स असेल. त्याचं बिघडलं.” ती त्याच्याकडे वळली. “मी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट वाईट आला तर मी आकडा गोड करून लिहीत नाही. लिहावासा वाटतो, तरी लिहीत नाही. आणि तू... मी तुला तो डब्याचा किस्सा सांगितला होता. तरी तुला हेच सुचलं?”

“मी तुझ्याशी खोटं बोललो नाही.”

“उद्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं की बोलशील. तेही मायेनंच.”

ती वर गेली आणि खोकी भरू लागली. कपडे, भांडी, पुस्तकं... हाताला येईल ते. चिकटपट्टीचा करकर आवाज करत तिनं एक खोकं बंद केलं, मग आठवलं की त्यात उद्या लागणारे बूट गेलेत. ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. वॉरेन चर्चहून परस्पर आला असावा, इस्त्रीच्या शर्टात होता. अनुयानं जिन्यावरून त्याचा आवाज ऐकला आणि अर्ध्या जिन्यातच थांबली.

“डोरीन, तो बिल्ला पिकल्सचा नाही,” तो म्हणत होता. “मीच केला आणि मीच पुरला. मला माफ करा.”

खाली चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

“माहीत आहे मला,” डोरीनबाई म्हणाल्या.

“माहीत आहे?”

“अरे, युद्ध नुकतंच संपलं होतं. आम्हाला पितळ कुठलं? माझ्या बहिणीनं कोकोच्या डब्याचं झाकण कातरलं होतं आणि खिळ्यानं भोकं पाडून नाव काढलं होतं. तेही चुकीचं. त्यात एक अक्षर कमी होतं.”

“मग काल तुम्ही रडलात...”

“तुझ्या गुडघ्यांवरची माती बघून रडले. माझ्यासाठी इतकी खटपट करून खोटं बोलणारं आता कोण उरलंय?” त्या हसल्या. “पण आज येऊन सांगितलंस, हे जास्त आवडलं मला.”

अनुया उरलेल्या पायऱ्या उतरली. वॉरेननं मान वर केली. रात्रभर झोपला नसावा. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिच्या डोळ्यांखाली असायचं तसंच.

“कोकोचा डबा म्हणजे पत्रा,” ती म्हणाली. “पत्रा म्हणजे लोखंडच ना?”

त्याचे डोळे विस्फारले. “देवा! म्हणजे आपण इतके दिवस...”

“तुझं मशीन नेमका तोच आवाज गाळून टाकत होतं.” तिनं दारामागचं छोटं फावडं उचललं. “चल. आता घोगरा आवाज येईल तिथे खणायचं. सगळीकडे.”

“सगळीकडे? अनुया, शेकडो खिळे असतील.”

“मला रात्रपाळीची सवय आहे,” ती म्हणाली. “आणि रागावलेय मी अजून. समजून घे.”

“घेतलं,” तो पटकन म्हणाला.

वॉरेननं मशीनची गाळणी बंद केली, आणि त्या रविवारी अख्खं अंगण घोगरं बोलत होतं. प्रत्येक दोन पावलांवर खिळा. हातांना फोड आले, पाठी आखडल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा. पाऊस आता पाऊस राहिला नव्हता, त्यात बर्फाचे कण होते. टोपीवर पडले की टपटप वाजायचे. कधी तो न विचारता थर्मासमधली कॉफी पुढे करायचा. कधी ती त्याच्या बाहीला लागलेली माती झटकायची, आणि झटकून झाल्यावरही हात जरा रेंगाळायचा...

जुन्या कुंपणाच्या कोपऱ्याशी मशीन पुन्हा घोगरलं. वॉरेननं सवयीनं फावडं टेकवलं. वीतभर खाली गंजलेलं एक बक्कल लागलं, आणि त्याला चिकटलेली पत्र्याची चकती. कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या, बोट लावलं तर पापुद्रे निघत होते. अनुयानं माती हलकेच फुंकली. चकतीवर भोकं होती. ओळीनं.

त्याखाली पिवळसर, नाजूक हाडं.

“डोरीनला बोलाव,” ती कुजबुजली. “नाही... थांब. मीच आणते.”

डोरीनबाई छत्रीखाली, अनुयाच्या दंडाला धरून एकेक पाऊल टाकत आल्या. त्यांनी हातमोजा काढला आणि चकतीवरून बोट फिरवलं, आंधळी माणसं वाचतात तसं.

“हेच,” त्या म्हणाल्या. “एक अक्षर कमी आहे.” मग खाली वाकून, अगदी लहान मुलीच्या आवाजात, “हॅलो, पिकल्स.”

ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, जिथे कुणी काही बांधणार नव्हतं, तिथे दोघांनी पिकल्सला त्याच्या बिल्ल्यासकट पुन्हा पुरलं. वॉरेन गवत थापटत असताना अनुयानं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दोघांचे हात मातीनं माखलेले, बर्फासारखे गार. कुणीच हात काढला नाही.

*

नोव्हेंबर संपला. डोरीनबाईंना घेऊन जायला त्यांचा पुतण्या आला. निघताना त्यांनी अनुयाचा गाल कुरवाळला आणि वॉरेनकडे बोट दाखवून म्हणाल्या, “या मुलाला खोटं बोलता येत नाही. फार दुर्मीळ गोष्ट आहे, डिअर.”

अनुयाला विमानतळावर सोडायला वॉरेनच आला. वाटेत वायपर फिरत राहिले. हायवेच्या दोन्ही बाजूंना बर्फाची पहिली पांढरी रेघ उमटली होती.

“तू एकदाही थांब म्हणाला नाहीस,” ती अचानक म्हणाली.

त्यानं समोर बघतच उत्तर दिलं. “तू दमलेली होतीस. दमलेल्या माणसाला आणखी एक काम कुठे सांगायचं?”

“आणि खरं काय आहे?”

गाडी सिग्नलला थांबली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. “खरं सांगू? मला तू हवी आहेस. इथे हवी आहेस, पण तिथे असलीस तरी हवी आहेस. कॅल्गरीला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ती नोकरी चांगली आहे, रात्री झोपता येईल तुला. पण तू गेल्यावर मी बरा असेन, असंही म्हणणार नाही. नसेन.”

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता.

आजवर तिला सगळ्यांनी ‘ठीक आहे’ म्हणून सांगितलं होतं. ठीक नाही, असं सांगणारा हा पहिलाच.

“मला थोडा वेळ दे,” ती शेवटी म्हणाली. “मला आधी झोपायचंय रे. खूप. मग कळेल मला, माझं मन काय म्हणतंय. आत्ता नुसता थकवा बोलतोय.”

“झोप,” तो म्हणाला. “मी आहे.”

कॅल्गरीची थंडी कोरडी होती, आकाश मात्र रोज निळंभोर. अनुया सकाळी शहरातल्या सीट्रेन गाडीनं कामावर जाई, अंधार पडायला घरी येई, वरणभात खाई आणि झोपे. डिसेंबर तसाच गेला. वॉरेन रोज फोन करत नसे. कधी एखादा फोटो पाठवी: बर्फ फावड्यानं उपसून मोकळी केलेली त्याची पायवाट, मावशीनं नाताळात केलेल्या फुग्या. एकदा मेसेज आला, “आज बरा नाही.” खाली काहीच नाही. अनुयानं लगेच फोन लावला. त्या दिवशी त्याच्या आईचं वर्षश्राद्ध म्हणावं तशी चर्चमध्ये प्रार्थना होती. ती ऐकत राहिली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण हे ओझं उचललं, आणि ते जड झालं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिला गजराशिवाय जाग आली. खिडकीभर ऊन होतं. अंग हलकं होतं, डोकं स्वच्छ होतं. ती पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. थकवा काही बोलत नव्हता. आत फक्त एकच गोष्ट उरली होती, आणि ती इतकी साधी होती की तिला हसू आलं.

तिनं फोन लावला.

“ये,” ती म्हणाली.

“काय झालं? बरी आहेस ना?”

“बरी आहे म्हणूनच म्हणतेय. ये.”

पुढच्या शुक्रवारी ती विमानतळावर अरायव्हल्सच्या दाराशी उभी होती. वॉरेन बाहेर आला तो हॅमिल्टनच्या जॅकेटमध्ये, कॅल्गरीला पुरणार नाही अशा. तिला बघून तो थोडा अलीकडेच थांबला. बॅग या हातातून त्या हातात घेतली.

“विमानात मी सगळं पाठ केलं होतं,” तो म्हणाला. “काय बोलायचं ते.”

“मग बोल.”

“विसरलो.”

“बरं झालं,” अनुया म्हणाली. “मग मी बोलते. मला तू आवडतोस, वॉरेन. खूप. आधीपासूनच आवडायचास, पण तेव्हा म्हणायला अंगात जोर नव्हता. आता आहे.”

दार उघडलं, बाहेरची बोचरी हवा आत शिरली आणि तो चांगलाच कुडकुडला. अनुयानं आपल्या जॅकेटची चेन खाली ओढली, त्याचे दोन्ही हात आत घेतले आणि त्याच्या छातीवर कपाळ टेकलं. लोक बॅगा ओढत त्यांना वळसा घालून जात राहिले.

“किती दिवसांसाठी आलास?” तिनं तसंच, डोकं न उचलता विचारलं.

“रिटर्न तिकीट काढलंच नाही,” तो म्हणाला. “खरं सांगतोय.”